भेंडीचे दोन पूर्वज आणि तापीचे खोरे

दक्षिणेकडे तापी, उत्तरेच्या सीमेवर नर्मदा आणि या दोहोंच्या मधोमध सातपुड्याच्या रांगा, अशी नंदुरबार जिल्ह्याची नैसर्गिक घडण आहे. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी अर्थात धडगाव या सहा तालुक्यांचा हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीचा हा प्रदेश म्हणजे जुन्या पश्चिम खानदेशाचा वायव्य कोपरा होय. या प्रदेशात भेंडी दोन रूपांत आढळते. एक रूप बागायती मळ्यातले असून ते दरवर्षी विकत घेतलेल्या बियाण्यातून उगवते आणि एक दिवसाआड तोडले जाऊन बाजाराला जाते. दुसरे रूप रानभेंडीचे आहे. ती कापसाच्या व ज्वारीच्या शेतांच्या बांधांवर, पडीक काळ्या जमिनीत आणि डोंगरउतारांवरील झुडपांत पावसाळ्याबरोबर आपोआप उगवते आणि शेतकरी तिला तण समजून उपटून टाकतो. या दोन रूपांचे आपसांत नाते काय, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वनस्पतिशास्त्रज्ञांना दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि ते उत्तर हाती आले तेव्हा भेंडीच्या उगमाचा मूळ प्रश्नच नव्याने मांडावा लागला.

भेंडीच्या वर्गीकरणाचा इतिहास कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञापासून सुरू होतो. प्रत्येक वनस्पतीला दोन पदांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत त्याने रूढ केली. त्यातील पहिले पद प्रजातीचे, म्हणजे जवळच्या नात्यातील जातींच्या समूहाचे असते आणि दुसरे पद त्या समूहातील विशिष्ट जातीचे असते. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने भेंडीला 'हिबिस्कस एस्क्युलेंटस' असे नाव देऊन जास्वंद आणि अंबाडी यांच्या प्रजातीत बसवले. हे बसवणे वरकरणी योग्यच होते. पाच पाकळ्यांचे मोठे फूल, पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून झालेली नळी आणि त्या नळीतून बाहेर डोकावणारा स्त्रीकेसराचा शेंडा ही लक्षणे या सर्व झाडांत समान आहेत. कापूस, अंबाडी, जास्वंद आणि भेंडी ही सारी मॅल्व्हेसी या एकाच कुलातील झाडे असून मराठी शास्त्रीय लेखनात या कुलाला भेंडी कुल असेच म्हटले जाते. खानदेशासारख्या कापसाच्या मुलखात हे नाते पुढे अनेक अंगांनी महत्त्वाचे ठरले.

परंतु भेंडीचे फूल बारकाईने पाहिले तर जास्वंदीपासूनचा तिचा वेगळेपणा लगेच लक्षात येतो. पिवळ्या पाकळ्यांच्या तळाशी गडद जांभळट डाग असतो आणि कळीच्या बुडाशी आठ ते दहा अरुंद हिरव्या पट्ट्यांचे एक कडे असते, त्याला अधिनिदल म्हणतात. त्याच्या आत निदलपुंज, म्हणजे कळीला झाकणारे हिरवे आवरण असते. जास्वंदीत या आवरणाची पाच टोके स्वतंत्र दिसतात आणि पाकळ्या गळून गेल्यावरही ते देठावर टिकून राहते. भेंडीत मात्र हे आवरण म्यानासारखे बंद असते. फूल उमलताना ते एका बाजूने फाटते, पाकळ्यांच्या तळाला चिकटलेलेच राहते आणि सकाळी उमललेले फूल दुपारनंतर मिटून पुढे गळते तेव्हा पाकळ्या, केसरनळी व आवरण यांचा एकच झुबका खाली पडतो. कोवळ्या भेंडीच्या बुडाशी निदलपुंजाचा पेला दिसत नाही, दिसतो तो केवळ एक गोल वळ, याचे कारण हेच आहे. एवढ्या एका लक्षणावरून फ्रीडरिख मेडिकस या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ साली 'अ‍ॅबेलमॉस्कस' ही स्वतंत्र प्रजाती मांडली आणि १७९४ साली कोनराड म्योंख याने भेंडीला तीत घेऊन 'अ‍ॅबेलमॉस्कस एस्क्युलेंटस' हे नाव दिले. बियांना कस्तुरीसारखा वास असणारी कस्तुरी भेंडी, म्हणजे 'अ‍ॅबेलमॉस्कस मॉस्कॅटस', याच प्रजातीत येते.

मेडिकसची ही मांडणी सर्वांना लगेच पटली नाही. एकोणिसाव्या शतकातील मोठ्या वनस्पतिग्रंथांत भेंडी पुन्हा हिबिस्कसमध्येच गेली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला; महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्राचा तो पाया मानला जातो, आणि त्यातही भेंडी व रानभेंडी हिबिस्कस या नावाखालीच आहेत. १९२४ साली होख्रॉयटिनर यांनी म्यानासारख्या, गळून पडणाऱ्या निदलपुंजाचा मुद्दा पुन्हा पुढे आणला आणि त्यानंतर अ‍ॅबेलमॉस्कस ही प्रजाती कायमची मान्य झाली. १९६६ साली डच शास्त्रज्ञ वान बोर्सम वाल्क्स यांनी तिच्या जातींची नव्याने फेरमांडणी केली. ऑक्टोबर १९९० मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत भेंडीवरील आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली, तेव्हा नऊ जातींची यादी स्वीकारण्यात आली. ही यादीही अंतिम ठरली नाही, कारण पुढे पश्चिम घाटातून आणखी एका जातीची नोंद झाली आणि त्या ब्युरोच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नामकरण करण्यात आले. वर्गीकरण ही पाठांतराची बाब आहे असा समज शाळा-महाविद्यालयांत रुजलेला असला, तरी भेंडीच्या बाबतीत उगमाचा शोध आणि रोगप्रतिकारक वाणांची पैदास ही दोन्ही कामे वर्गीकरण नीट झाल्यावरच पुढे सरकू शकली, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

भेंडी मूळची कोठली, या प्रश्नावर प्रदीर्घ काळ आफ्रिकेचे पारडे जड होते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कँडोल यांनी १८८३ साली लागवडीच्या वनस्पतींच्या उगमावर लिहिताना भेंडीला आफ्रिकेची मानले. सेव्हिल येथील अबुल अब्बास अन्-नबाती या अरबी वनस्पतिज्ञाने १२१६ च्या सुमारास इजिप्तला भेट देऊन तेथील भेंडीच्या लागवडीचे वर्णन केले आहे, हा त्यांचा एक आधार होता. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२६ साली पिकांच्या उगमकेंद्रांची कल्पना मांडली. ज्या प्रदेशात पिकाची विविधता सर्वांत जास्त तेथे त्याचा उगम शोधावा, असे तिचे सूत्र होते, आणि त्यानुसार त्यांनी भेंडी इथिओपियाच्या केंद्रात दाखवली. भारताच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद वेगळ्या प्रकारचा होता. लागवडीतील भेंडीच्या सर्वांत जवळची एक रानटी जात भारताबाहेर सापडत नाही आणि तिचे इतर भाईबंदही या देशात मोठ्या संख्येने आहेत, यावर तो आधारलेला होता.

या वादात नंदुरबारचे भौगोलिक स्थान लक्ष वेधून घेते. मोगल काळात सुरत बंदरातून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापूर आणि नंदुरबार येथूनच जात असे. फ्रेंच प्रवासी व जवाहिऱ्या झां-बाप्तिस्त ताव्हेर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात या मार्गावरील मुक्कामांची नावे दिली असून नवापूरच्या विणकरांची आणि शिजल्यावर कस्तुरीसारखा वास येणाऱ्या बारीक तांदळाची त्याने विशेष नोंद केली आहे. गुजरातच्या किनाऱ्यावरील बंदरांचा तांबड्या समुद्राशी आणि पूर्व आफ्रिकेशी व्यापार त्याच्याही शतकानुशतके आधीपासून चालू होता. भेंडीचे बी समुद्रमार्गाने पश्चिम भारतात आले असेल, तर ते देशात आतपर्यंत पोचण्याची एक सरळ वाट तापीच्या खोऱ्यातून जाते, असे अनुमान करता येते. परंतु हे अनुमानच आहे. व्यापारी मालाच्या याद्यांत भाजीच्या बियांची चिमूट नोंदवण्याची पद्धत नव्हती आणि भाजीपाल्याचा बहुतेक प्रवास कागदावर न येताच झाला आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर दप्तरखान्यात सापडण्याची शक्यता कमी होती. ते भेंडीच्या पेशीत शोधावे लागले.

पेशीच्या केंद्रकात धाग्यांसारख्या रचना असतात, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. आईबापांकडून संततीकडे जाणारी गुणवैशिष्ट्ये ठरवणारी जनुके या गुणसूत्रांवर ओळीने असतात. सर्वसाधारणपणे प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते आणि त्या जोडीतील एक मातृवृक्षाकडून व एक पितृवृक्षाकडून आलेले असते. काही वनस्पतींत मात्र दोन वेगळ्या जातींचे संपूर्ण गुणसूत्रसंच एकत्र येऊन नांदतात. अशा वनस्पतीला संकरज बहुगुणित म्हणतात. खानदेशातील शेतकऱ्याला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. त्याच्या आजोबांचा देशी कापूस २६ गुणसूत्रांचा होता आणि त्याची जागा घेणारा अमेरिकन कापूस ५२ गुणसूत्रांचा आहे, कारण अमेरिकन कापसाच्या पूर्वेतिहासात दोन भिन्न कापूसवंशांचा संकर होऊन दोहोंचे संच एका झाडात स्थिर झाले. भेंडीतही असेच काही घडले असावे, अशी शंका तिच्या गुणसूत्रांच्या प्रचंड संख्येवरून येत होती. तिच्यात बहुधा १३० गुणसूत्रे आढळतात, परंतु निरनिराळ्या अभ्यासकांनी ७२ पासून १४४ पर्यंतचे आकडे दिलेले आहेत. गुणसूत्रे अतिशय लहान असल्यामुळे आणि भेंडीचा बुळबुळीतपणा सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरही आड येत असल्यामुळे ही मोजणी मुळातच अवघड आहे. तरीही आकड्यांतील सगळा फरक मोजणीच्या चुकीमुळे पडतो असे मानता येत नाही.

या कोड्याची उकल दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत झाली. गव्हाच्या वाणांसाठी प्रसिद्ध असलेले बी. पी. पाल आणि त्यांचे सहकारी एच. बी. सिंग यांनी १९५२ साली 'अ‍ॅबेलमॉस्कस ट्युबरक्युलेटस' ही नवी रानटी जात वर्णिली. लागवडीच्या भेंडीशी तिचे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. फळांवरील गाठीदार राठ केसांमुळे ती वेगळी ओळखता येते. ही जात केवळ भारतातच आढळते आणि उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांच्या कोरड्या भागांत तिचा आढळ आहे. तिच्यात ५८ गुणसूत्रे आहेत. ए. बी. जोशी आणि एम. डब्ल्यू. हरदास यांनी लागवडीची भेंडी आणि ही रानटी जात यांचा संकर केला आणि संकरित झाडात परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या कशा जुळतात ते पाहिले. भेंडीकडून ६५ आणि रानटी जातीकडून २९ गुणसूत्रे आलेल्या त्या झाडात २९ जोड्या जुळल्या आणि ३६ गुणसूत्रे जोडीदाराविना एकटी राहिली. समान वंशाचीच गुणसूत्रे जोडीला येतात या नियमानुसार याचा अर्थ असा झाला, की भेंडीच्या ६५ पैकी २९ गुणसूत्रे या भारतीय रानटी जातीच्या वंशातील आहेत आणि उरलेली ३६ कोणत्या तरी दुसऱ्या पूर्वजाकडून आली आहेत. हा निष्कर्ष १९५६ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय कृषिसंशोधनाच्या इतिहासात या शोधाला जेवढे स्थान मिळायला हवे होते तेवढे मिळालेले नाही.

दुसरा पूर्वज कोण, हा प्रश्न अधिक बिकट निघाला. ३६ गुणसूत्रांचा एक संच, म्हणजे पेशीत एकूण ७२ गुणसूत्रे असणारी जात शोधायची होती, आणि त्या मापात बसणारी 'अ‍ॅबेलमॉस्कस फिकुल्नियस' ही रानभेंडी प्रथमदर्शनी उमेदवार ठरली. दख्खन आणि गुजरातच्या काळ्या जमिनीत ती विपुल उगवते. तिच्या फुलाच्या पाकळ्या पांढऱ्या असून तळाशी गडद असतात आणि फूल कोमेजताना गुलाबी होते. खोडावर टोचणारे बारीक काटे असतात आणि पाच कंगोऱ्यांचे आखूड, टोकदार फळ बोटाच्या पेराएवढेच वाढते. आफ्रिकेच्या पूर्व भागापासून भारतमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा विस्तार आहे. मात्र केवळ आकडा जुळल्याने नाते सिद्ध होत नाही, कारण कस्तुरी भेंडीतही ७२ गुणसूत्रेच आहेत. फिकुल्नियसशी केलेल्या संकरांतून मिळालेला पुरावा ट्युबरक्युलेटसच्या पुराव्याइतका स्पष्ट नाही, म्हणून शास्त्रीय ग्रंथांत तिचा उल्लेख संभाव्य पूर्वज असाच केला जातो आणि तो तसाच करणे योग्य आहे. अलीकडच्या वर्षांत ६५ गुणसूत्रांच्या, म्हणजे एकाच संचाच्या भेंडीच्या झाडाचा संपूर्ण जनुकसंच जुळवण्यात आला. त्याची लांबी सुमारे १४५ कोटी अक्षरांची भरली आणि त्यात दोन भिन्न वंशांचे उपसंच असल्याचे दिसून आले. सात दशकांपूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली जोड्या मोजून काढलेल्या निष्कर्षाचा गाभा अशा रीतीने खरा ठरला.

या उलगड्यामुळे आफ्रिका की भारत, हा जुना वाद त्याच शब्दांत चालू ठेवण्यात अर्थ उरत नाही. दोन वंश जेथे शेजारी उगवत होते आणि जेथे त्यांचा संकर होऊन दोन्ही संच टिकून राहिले, ते ठिकाण भेंडीचे जन्मस्थान होय. त्यांपैकी एक वंश आज केवळ भारतात सापडतो, त्यामुळे पुराव्याचा कल भारताकडे झुकतो. पश्चिम आफ्रिकेची कथा त्याला पूरक अशी आहे. तेथे लागवडीत असलेली भेंडी पुष्कळ अंशी एका निराळ्याच जातीची आहे, हे सीमोन्स्मा यांनी आयव्हरी कोस्टमध्ये केलेल्या अभ्यासातून १९८२ साली दिसून आले. तिच्यात सुमारे १९४ गुणसूत्रे आहेत आणि पुढे तिला 'अ‍ॅबेलमॉस्कस कैली' हे नाव मिळाले. म्हणजे भेंडीच्या इतिहासात गुणसूत्रसंचांची बेरीज एकदाच घडून थांबलेली नाही. आफ्रिकेतील भेंडीची जी विविधता पाहून वाविलोव यांनी उगमकेंद्राचा निर्णय दिला, ती लागवडीनंतर तेथे वाढलेली विविधताही असू शकते. विविधतेचे ठिकाण आणि जन्माचे ठिकाण एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, हा धडा भेंडीने पीकशास्त्राला दिला आहे.

महाराष्ट्रातील भेंडीच्या आनुवंशिकीचा इतिहास एका रोगापासून सुरू होतो आणि त्याची पहिली नोंद मुंबई इलाख्यातलीच आहे. १९२४ साली जी. एस. कुलकर्णी यांनी पुणे कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात इलाख्यातील पिकांवरील केवडा आणि तत्सम रोगांविषयी लिहिले, त्यात भेंडीवरील या रोगाचा उल्लेख आला. त्या काळी पश्चिम खानदेश याच इलाख्यात होता. हा रोग कोवळ्या पानाच्या शिरांपासून सुरू होतो. हिरव्या पानावर प्रथम शिरांचे जाळे पिवळे पडते, मग त्या जाळ्याच्या आतील हिरवा भागही फिकट होत जातो, पान आकसते आणि शेवटी फळेही पांढरट पिवळी, खरखरीत व वाकडी निघतात. शेतकरी याला हळद्या किंवा केवडा म्हणतात. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी पुण्यातून या रोगावर पुढचे संशोधन प्रसिद्ध केले. १९५० साली कपूर व वर्मा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास मांडला आणि विषाणूचा प्रसार पांढरी माशी करते हे याच काळातील कामातून स्पष्ट झाले. नुकसानीचे मोजमाप १९७४ साली प्रसिद्ध झाले; उगवणीनंतर ३५ दिवसांच्या आत लागण झाल्यास उत्पन्नात ९४ टक्के, ५० दिवसांनी झाल्यास ८४ टक्के आणि ६५ दिवसांनी झाल्यास ४९ टक्के घट येते, असे त्यात आढळले. भेंडीची तोडणी पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने सुरू होते हे लक्षात घेतले, तर लवकर लागण झालेला प्लॉट तोडणीला येण्यापूर्वीच गेलेला असतो, हे या आकड्यांमागचे वास्तव उमगते.

रोगावर औषध नव्हते, म्हणून प्रतिकारक वाण हाच उपाय राहिला. दिल्लीत एच. बी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधून आलेल्या, रोगाची लक्षणे न दाखवणाऱ्या एका नमुन्याचा 'पुसा मखमली' या वाणाशी संकर केला आणि त्यातून १९६० च्या सुमारास 'पुसा सावनी' हा वाण निघाला. खरिपात तग धरणारी भेंडी म्हणून तो देशभर पसरला. त्याच्या प्रतिकारशक्तीचे विश्लेषण करताना ती दोन अप्रभावी जनुकांवर अवलंबून असल्याचे मांडले गेले; अप्रभावी जनुक म्हणजे ज्याचा परिणाम जोडीतील दोन्ही प्रती सारख्या असतील तेव्हाच दिसतो असे जनुक. परंतु ही शक्ती फार वर्षे टिकली नाही. लागवडीच्या भेंडीत पुरेसा पक्का प्रतिकार नाही असे दिसून आल्यावर संशोधकांची नजर रानटी जातींकडे वळली, आणि येथे परभणीचे काम पुढे येते.

परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथील एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी 'अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट' या जातीतील प्रतिकारशक्ती लागवडीच्या भेंडीत आणण्याचे काम हाती घेतले. दोन जातींमधील संकर हे कष्टाचे काम आहे. उमलण्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर फुगलेली कळी निवडून तिचे आवरण व पाकळ्या हलक्या हाताने उतरवायच्या, केसरनळीवरील परागकोश चिमट्याने खरवडून काढायचे, स्त्रीकेसर कागदी पिशवीने झाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या ताज्या फुलाचे पराग त्यावर लावायचे. त्यातून बी धरलेच तरी उगवणारे झाड बहुतांशी वांझ असते, कारण दोन्हीकडच्या गुणसूत्रांची संख्या जुळत नाही. मग त्या झाडाचा 'पुसा सावनी'शी पुन्हा पुन्हा संकर करत, रानटी जातीची राठ फळे व काटे मागे टाकत आणि प्रतिकारशक्ती मात्र हातची जाऊ न देता अनेक पिढ्या निवड करावी लागते. १९८१ साली या दोघांनी ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकामुळे येते असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रभावी जनुकाची एक प्रतही परिणाम दाखवण्यास पुरेशी असते, त्यामुळे निवड सोपी होते. या कामातून आलेला 'परभणी क्रांती' हा वाण १९८० च्या दशकाच्या मध्यास शेतकऱ्यांपर्यंत पोचला. त्याच दशकात बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने दुसऱ्या एका रानटी भाईबंदाच्या मदतीने 'अर्का अनामिका' आणि 'अर्का अभय' हे वाण सिद्ध केले.

'परभणी क्रांती'चे मोल केवळ उत्पन्नात मोजता येणार नाही. मराठी मुलखातील एका तरुण विद्यापीठाने रानटी जातीतील एक जनुक भाजीच्या पिकात उतरवले आणि देशभरच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या तोंडी त्या वाणाच्या निमित्ताने परभणीचे नाव गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही विषाणू बदलतच राहतो. काही वर्षांनी या वाणावरही रोग दिसू लागला आणि आज बाजारात खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांचे वर्चस्व आहे. जालना व देऊळगाव राजा या परिसरातील गावांत भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे प्लॉट घेतले जातात आणि वर सांगितलेले खुडण्याचे व पराग लावण्याचे नाजूक काम तेथे हातानेच होते. भेंडीच्या एका फळात पन्नासच्या आसपास बिया भरतात, म्हणूनच प्रत्येक फुलामागे एवढे श्रम परवडतात. मात्र या संकरितांच्या मागेही प्रतिकारशक्तीचे जे मोजके उगम आहेत, ते बहुतांशी रानटी भाईबंदांकडूनच आलेले आहेत.

नंदुरबारच्या शेतीत भेंडी आणि कापूस यांचे कुलनाते सुखाचे नाही. कापसाच्या बोंडात शिरणारी ठिपक्यांची बोंडअळी हीच भेंडीचे फळ पोखरणारी अळी होय, आणि तुडतुडे व पांढरी माशी या किडीही दोहोंत समान आहेत. याच नात्याचा उपयोग करून कापसाच्या कडेने भेंडीच्या ओळी सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस केली जाते. अळी आधी भेंडीवर येते आणि किडलेली फळे तोडून नष्ट करता येतात. रानभेंडीवरही या किडी व विषाणू आसरा घेऊ शकतात, त्यामुळे शेतकरी ती उपटतो यात त्याचा दोष नाही. जुन्या व्यवहारात मात्र भेंडीच्या खोडालाही किंमत होती. महाराष्ट्रातील गुऱ्हाळांवर भेंडीची किंवा रानभेंडीची हिरवी खोडे ठेचून पाण्यात भिजवतात, त्यांचा चिकट रस उकळत्या काहिलीत ओततात आणि त्यात गुंतून वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात. रसायनाविना गूळ स्वच्छ व पिवळाधमक करण्याची ही पद्धत आजही टिकून आहे. फळाच्या भाजीत नकोसा वाटणारा बुळबुळीतपणा तेथे कामाचा ठरतो.

धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींची सविस्तर यादी डी. ए. पाटील यांनी २००३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहे, तेव्हा या प्रदेशाच्या वनस्पतिसंपदेचा पाया नोंदवला गेलेला आहे. परंतु कोणत्या गावच्या बांधावरील रानभेंडी रोगाला किती दाद देते, तिच्या फळात आणि काट्यांत किती फरक आहेत, ही माहिती जातींच्या यादीतून मिळत नाही. त्यासाठी ठिकठिकाणचे बी गोळा करून शेजारी शेजारी लावून पाहावे लागते. दरम्यान जमीन बदलत आहे. उकाई आणि सरदार सरोवर या धरणांच्या जलाशयांखाली तापी-नर्मदेच्या काठचा मोठा पट्टा गेला, सिंचनाखाली आलेल्या शेतांचे बांध अरुंद झाले आणि तणनाशकांच्या वापराने बांधावरील वनस्पती झपाट्याने कमी होत आहेत. लागवडीच्या भेंडीचा कोणताही वाण शीतगृहातील पाकिटात सांभाळता येतो, मात्र रानटी जात बदलत्या विषाणूबरोबर स्वतः बदलत राहावी असे वाटत असेल तर ती जमिनीवर जिवंत राहिली पाहिजे. धडगाव परिसरात बाएफ या संस्थेच्या मदतीने आदिवासी शेतकऱ्यांनी मका, ज्वारी आणि इतर स्थानिक पिकांचे बियाणे जपण्याचे जे काम उभे केले आहे, त्यात पिकांच्या रानटी भाईबंदांनाही जागा मिळायला हवी, आणि ते अवघडही नाही.

पावसाळ्यात फुललेल्या रानभेंडीची फळे साधारणपणे दिवाळीनंतर वाळून उकलू लागतात आणि बांध साफ करण्याची वेळही नेमकी तीच असते. जिल्ह्यातील कृषी व विज्ञान महाविद्यालयांच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून या काही आठवड्यांत प्रत्येक तालुक्यातील वाळलेली फळे गोळा करून घ्यावीत, गावाचे नाव, जमिनीचा प्रकार, फुलाचा रंग आणि तारीख प्रत्येक पुडीवर लिहावी, आणि त्या पुड्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोला येथील प्रादेशिक केंद्राकडे सुपूर्द कराव्यात.